कॉम्प्युटर बुडाला, जळाला, लॉक झाला तर ऑफिस परत कसं चालू करायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर, इचलकरंजी, सांगली या पट्ट्यात दुकानं, सीए ऑफिसं, फाउंड्री, दवाखाने यांच्या कॉम्प्युटरचं एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचं काम, आम्ही बघतो. जूनमध्ये ढग भरून आले की आणि मार्च एंडला फोनवर हेच प्रश्न येतात, म्हणून सगळे एकत्र लिहून ठेवलेत. वाचताना तुमच्या ऑफिसचं चित्र डोळ्यासमोर ठेवा.

१. डिझास्टर रिकव्हरी म्हणजे बॅकअपच ना? तो तर आम्ही घेतो.

बॅकअप म्हणजे डेटाची कॉपी, आणि डिझास्टर रिकव्हरी म्हणजे त्या कॉपीवरून परत बिल निघेपर्यंतचा सगळा रस्ता. २०१९ च्या पुरानंतर एका ट्रेडिंग फर्ममध्ये गेलो होतो, त्यांची बॅकअपची डिस्क वरच्या मजल्यावर एकदम कोरडी, डेटा टकाटक, पण टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स ज्या ईमेलवर होतं तो ईमेल जुन्या अकाउंटंटने काढलेला आणि तो माणूस दोन वर्षांपूर्वी सोडून गेलेला, जीएसटी पोर्टलचा पासवर्ड बुडालेल्या मशीनच्या ब्राउझरमध्ये सेव्ह, आणि डिजिटल सिग्नेचरचा टोकन चिखलात. आठ दिवस बिल निघालं नाही. डेटा होता तरी धंदा बंद होता. त्यामुळे खालच्या उत्तरांमध्ये डेटाइतकंच पासवर्ड, लायसन्स आणि माणसं यांच्याबद्दल बोललोय.

२. आमचं चार माणसांचं ऑफिस, एवढं सगळं आम्हाला कशाला?

मोठ्या कंपनीकडे दुसरं ऑफिस असतं, आयटीचा वेगळा माणूस असतो, आठवडाभर पगार द्यायची ताकद असते. तुमच्याकडे एक टॅलीचा पीसी असतो आणि तो बंद पडला की सगळंच थांबतं, म्हणून गरज तुम्हालाच जास्त आहे. प्लॅन मोठा नको, दोन पानांचा पुरतो: कुठल्या मशीनवर काय आहे, कॉपी कुठे आहे, ती कोण परत चढवणार, लायसन्स आणि पासवर्ड कुठे, इंटरनेटवाला, यूपीएसवाला, सॉफ्टवेअरवाला, सीए यांचे नंबर. ही दोन पानं प्रिंट काढून ठेवा, कारण त्याच पीसीवर सेव्ह केलेला प्लॅन पीसी गेल्यावर उघडणार कसा.

३. बॅकअप रोज घ्यायचा की आठवड्याला?

आधी स्वतःला दोन गोष्टी विचारा. पहिली, आत्ता मशीन गेलं तर किती तासांच्या एंट्र्या परत हाताने टाकायची तुमची तयारी आहे? दुसरी, मशीनशिवाय किती वेळ दुकान चालवू शकता? पहिल्याला आयटीवाले आरपीओ म्हणतात, दुसऱ्याला आरटीओ. दिवसाला दहा बिलं करणारा होलसेलर एका दिवसाच्या एंट्र्या बिलबुकावरून तासाभरात टाकेल, त्याला रात्रीचा एक बॅकअप पुरे. मेडिकल दुकानात दिवसाला तीनशे बिलं होतात, बॅच नंबर आणि एक्सपायरीसकट, तिथे दर दोन तासांनी हवा. सगळ्या डेटाला एकच नियम लावू नका, जुन्या फोटोंचा रोज आणि टॅलीचा आठवड्याला असा उलटा कारभार मी बऱ्याच ठिकाणी बघितलाय.

४. सगळं गूगल ड्राइव्हवर सिंक होतं, म्हणजे बॅकअप झालाच ना?

सिंक म्हणजे आरसा आहे, इथे फाइल उडवली की तिथेही उडते आणि इथे व्हायरसने फाइल लॉक केली की लॉक झालेली फाइलच वर जाते. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये फाइल ३० दिवस राहते, मग कायमची जाते, आणि छोट्या ऑफिसात "ती फाइल कुठं गेली" हे बऱ्याचदा दोन महिन्यांनी कळतं, ऑडिटच्या वेळी. सिंक ठेवा, रोजच्या कामाला चांगलंच आहे, पण त्याच्याशिवाय एक अशी कॉपी हवी जी आपोआप बदलत नाही. नॅस, म्हणजे नेटवर्कला जोडलेला डिस्कचा डबा, किंवा रेड लावलेल्या, म्हणजे एकमेकींची नक्कल ठेवणाऱ्या, दोन डिस्कचंही तेच. एक डिस्क खराब झाली तर दुसरी तारते, पण चुकून डिलीट झालं तर दोन्हीकडून एकदमच जातं.

५. कॉपी किती ठेवायच्या आणि कुठे?

तीन कॉपी, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक ऑफिसच्या बाहेर. हा ३-२-१ चा नियम पीटर क्रोघ नावाच्या अमेरिकन फोटोग्राफरने रूढ केला आणि अजून त्याच्याइतकं सोपं काही सापडलेलं नाही.

पण आपल्याकडे "बाहेर" या शब्दाचा अर्थ नीट लावायला पाहिजे. सांगलीत ऑफिस हरभट रोडला आणि दुसरी कॉपी मालकांच्या घरी गावभागात, अशी व्यवस्था कागदावर बरोबर दिसते, पण ऑगस्ट २०१९ ला कृष्णा दोन्हीकडे आली. चिपळूणला २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा दुकान आणि मागचं घर एकदमच बुडालं. म्हणून बाहेरची कॉपी नुसती वेगळ्या गावात असून चालत नाही, वेगळ्या पाण्यात हवी, म्हणजे त्याच नदीच्या काठच्या दुसऱ्या गावात नको. आणि २०१९ ला कोल्हापूरच्या शिरोलीजवळ पुण्याचा हायवे कित्येक दिवस बंद होता, त्यामुळे पुण्याच्या भावाकडे ठेवलेली डिस्क आणायलाही रस्ता नव्हता. माझं स्पष्ट मत आहे की पूरपट्ट्यातल्या माणसाने बाहेरची कॉपी क्लाउडवर ठेवावी आणि त्याशिवाय एक डिस्क गावातच उंचावर, वायर काढून ठेवावी.

वायर काढून ठेवणं हे फार महत्त्वाचं आहे. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचा मालवेअर पसरला, मर्स्क या जहाज कंपनीच्या यंत्रणा जगभर बंद पडल्या, आपल्या न्हावाशेवाच्या एका टर्मिनलचं कामही अडकलं. मर्स्कच्या नेटवर्कचा कणा असलेली डोमेन कंट्रोलर मशीन सगळीकडची एकदम गेली आणि एकच कॉपी वाचली, घानामधली, कारण त्यावेळी तिथली लाइट गेलेली असल्यामुळे ते मशीन नेटवर्कवरच नव्हतं. तुमच्या कपाटातली वायर काढलेली डिस्क तेच काम करते.

६. टॅलीचा किंवा बिलिंग सॉफ्टवेअरचा फोल्डर कॉपी-पेस्ट केला तर चालतो का?

टॅलीचा डेटा आकड्यांच्या नावाच्या फोल्डरमध्ये असतो, तो कॉपी केला तर चालतो, पण सगळ्यांनी टॅली बंद केल्यावरच. कुणीतरी एंट्री टाकत असताना केलेली कॉपी अर्धवट येऊ शकते आणि ते तुम्हाला उघडेपर्यंत कळत नाही. टॅलीतला बॅकअपचा ऑप्शन वापरणं बरं.

बिलिंगची बरीच सॉफ्टवेअर आतून मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसवर चालतात, तिथे फोल्डर कॉपी करणं हा बॅकअपच नाही, कारण डेटाबेस चालू असताना ती फाइल कॉपीच होत नाही. आणि इथे एक खाच आहे, सॉफ्टवेअरवाले बहुतेक वेळा फुकटचं एक्सप्रेस व्हर्जन टाकून देतात आणि त्यात ठरावीक वेळेला आपोआप बॅकअप घेणारा एजंट येतच नाही, शिवाय २०२२ पर्यंतच्या व्हर्जनमध्ये डेटाबेस १० जीबीला थांबतो. म्हणजे मालकाला वाटतं सर्व्हर आहे तर बॅकअप होतच असेल, आणि तो कधीच झालेला नसतो. विंडोजच्या टास्क शेड्युलरवर तो लावून घ्या आणि सॉफ्टवेअरवाल्याकडून समोर बसून करून घ्या.

७. बॅकअप नीट होतोय हे कसं ओळखायचं?

परत चढवून बघायचं, दुसरा मार्ग नाही. हिरवी टिक आली, मेल आला, यावर विश्वास नको. गिटलॅब ही सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांसाठीची कंपनी, ३१ जानेवारी २०१७ ला त्यांच्या इंजिनिअरकडून चुकून चालू डेटाबेस उडाला, मग कळलं की रोजचा बॅकअप व्हर्जनच्या घोळामुळे होतच नव्हता आणि तो फेल झाल्याचे मेलही पोचत नव्हते. कुणीतरी सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी एक कॉपी काढली होती त्यावर ते उभे राहिले. एवढ्या जाणत्या लोकांचं हे होतं तर आपण तपासायलाच पाहिजे.

पद्धत सोपी आहे, तीन महिन्यांतून एकदा, अमावस्येला दुकान बंद असतं तो दिवस बघा, एक दुसराच लॅपटॉप घ्या, बॅकअपवरून डेटा चढवा, कालचं शेवटचं बिल दिसतंय का बघा, ट्रायल बॅलन्स चालू मशीनशी जुळवा, एक बिल प्रिंट काढा. घड्याळ लावून करा म्हणजे प्रश्न ३ मधल्या दुसऱ्या गोष्टीचं खरं उत्तर मिळतं. आणि हे रोज बॅकअप घेणाऱ्या मुलाने करायचं नाही, दुसऱ्याने त्या दोन पानांवरून करायचं, जिथे तो अडेल ते पान दुरुस्त करायचं.

८. सगळं क्लाउडवर आहे, मग परत आणायला वेळ कसला लागतो?

गणित करून बघा. ५०० जीबी डेटा आणि ५० एमबीपीएसची लाइन, पूर्ण स्पीड मिळालं तरी २२ तास, आणि पूर्ण स्पीड कुणाला मिळतं. पुरात फायबर तुटलेली असते आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर हे होत नाही. म्हणून टॅली, चालू वर्षाची बिलं, पगार एवढं छोटं गाठोडं वेगळं ठेवा, ते काही जीबीचंच असतं, आधी तेवढं उतरवा आणि काम चालू करा, जुने फोटो आणि ड्रॉइंग नंतर येऊ देत.

९. पाणी वाढतंय, हातात तासभर आहे, आधी काय उचलू?

जे आधीच वर ठेवता येतं ते तळमजल्यावर ठेवूच नका, हे पहिलं. पण वेळ आलीच तर: मेन स्विच बंद, मग बॅकअपची डिस्क, डिजिटल सिग्नेचरचे टोकन, सॉफ्टवेअरचे डोंगल, टॅलीचा सीपीयू, चालू वर्षाची बिलबुकं, या क्रमाने. मॉनिटर आणि प्रिंटर राहू देत, ते विकत मिळतात. यूपीएसला हात लावताना जपून, मेन बंद असला तरी त्याच्या आत बॅटरीचा करंट असतो.

१०. डिस्क पाण्यात गेली, वाळवून लावली तर चालेल का?

लावू नका. पुराचं पाणी म्हणजे गाळ, हार्ड डिस्कला हवेसाठी बारीक भोक असतं त्यातून तो आत जातो आणि चालू केली की फिरणाऱ्या चकतीवर चरे पडतात, मग लॅबवालाही काही करू शकत नाही. हेअर ड्रायर नको, उन्हात नको, उघडून बघणं तर अजिबात नको. प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करा आणि डेटा रिकव्हरी लॅबला पाठवा. २०१९ ला लोकांनी उत्साहाने लगेच लावून बघितल्या, आणि ज्या कदाचित वाचल्या असत्या त्या त्यातच गेल्या, मला अजून वाईट वाटतं त्याचं.

११. स्क्रीनवर "फाइल लॉक केल्या, पैसे भरा" आलंय, पहिल्या दहा मिनिटांत काय करू?

नेटवर्कची वायर काढा, वायफाय बंद करा, आणि बाकीच्या सगळ्या मशीनचंही तेच करा. बॅकअपची डिस्क घाईघाईने जोडून बघू नका, तीही लॉक होईल, हे मी डोळ्यांनी बघितलंय. स्क्रीनवरच्या मेसेजचा मोबाइलने फोटो काढा, लॉक झालेल्या फाइलींना नवीन कुठलं नाव चिकटलंय ते लिहून घ्या. फॉरमॅट मारू नका.

मग हा रॅन्समवेअर, म्हणजे फाइली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस, कुठून आला ते शोधा, नाहीतर साफ केलेल्या मशीनवर परत येतो. आपल्याकडे दोन वाटा नेहमीच्या आहेत. एक म्हणजे घरून टॅली बघता यावं म्हणून राउटरवर उघडा ठेवलेला रिमोट डेस्कटॉप, ३३८९ नंबरचा पोर्ट, सोप्या पासवर्डसकट. दुसरी म्हणजे क्रॅक केलेली सॉफ्टवेअर, स्टॉप नावाचा रॅन्समवेअर बहुतेक त्यातूनच पसरला. चढवताना कालच्या बॅकअपवर भरवसा ठेवू नका, तो आठवडाभर आत दबा धरून बसलेला असू शकतो, म्हणून जुन्या तारखांच्या कॉपीही हव्यात.

१२. मग पैसे भरून टाकू का? मागणी परवडण्यासारखी आहे.

माझा सल्ला नाही असाच आहे. फाइली उघडायची किल्ली मिळेलच याची खात्री नसते, मिळाली तरी सगळ्या फाइली उघडतीलच असं नाही, आणि हा माणूस पैसे देतो हे त्यांना कळतं. आधी "नो मोअर रॅन्सम" या साइटवर बघा, डच पोलिस, युरोपोल आणि सिक्युरिटी कंपन्यांनी २०१६ ला सुरू केलेली आहे, काही जातींच्या किल्ल्या तिथे फुकट मिळतात. आज नसली तर लॉक झालेल्या फाइली एका डिस्कवर जपून ठेवा, पुढे किल्ली येऊ शकते.

१३. पोलिसांना, सरकारला कळवावं लागतं का? आणि किती वर्षांचा डेटा ठेवायचा?

एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या केंद्रीय संस्थेला असा प्रकार लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायचं असतं. पैशांची फसवणूक असेल तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन, जितका लवकर तितकी रक्कम अडवली जायची शक्यता जास्त. पोलिसांत दिलेल्या तक्रारीची प्रत जपा, विमा आणि जीएसटी दोन्हीकडे उपयोगी पडते.

जीएसटीचे हिशेब वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने ठेवावे लागतात, "कॉम्प्युटर बुडाला" म्हणून ती जबाबदारी संपत नाही. प्रायव्हेट लिमिटेड असाल तर ऑगस्ट २०२२ पासून हिशेबाच्या वह्यांचा बॅकअप रोज आणि भारतातच असलेल्या सर्व्हरवर घ्यायचा नियम आहे, परदेशी क्लाउड घेताना डेटा कुठे राहतो ते विचारून घ्या. प्रोप्रायटर आणि पार्टनरशिपला हा कंपन्यांचा नियम लागत नाही, पण सवय चांगलीच आहे.

१४. बॅकअप नव्हताच. सगळं गेलं. आता?

हात टेकू नका, तुमचा डेटा दुसऱ्यांकडे विखुरलेला असतो. सीएकडे ऑडिटला पाठवलेली टॅलीची कॉपी असते, बहुतेक मार्चची, तिथून सुरुवात करा. पुढची विक्री जीएसटी पोर्टलवरच्या जीएसटीआर-१ मधून, खरेदी २बी मधून, पैशांची ये-जा बँक स्टेटमेंटमधून. पार्टीला व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या पीडीएफ मोबाइलमध्ये असतात, ईमेलच्या सेंटमध्ये असतात. येणी किती हे पार्टीकडून लेजर मागवून जुळवा, बहुतेक लोक प्रामाणिकपणे देतात. किरकोळ रोखीची विक्री आणि स्टॉक मात्र हाताने मोजूनच. एका कापड दुकानाचं असं उभं करायला आम्हाला तीन आठवडे लागले, पण झालं.

१५. सगळे पासवर्ड मालकांच्या डोक्यात आणि ओटीपी त्यांच्या मोबाइलवर. त्यांना काही झालं तर?

हा प्रश्न सहसा घरातली माणसं विचारतात आणि बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. पूर आणि आगीची तयारी करणारे लोकही माणूस हॉस्पिटलमध्ये असेल तर काय, हे लिहून ठेवत नाहीत. जीएसटी, बँक, ईमेल, डोमेन, टॅली, क्लाउड, प्रत्येकाचा ओटीपी कुठल्या नंबरवर जातो याची यादी करा. शक्य तिथे ऑफिसच्या नावाचा वेगळा नंबर आणि ईमेल ठेवा, आणि ते सिम रिचार्ज करत राहा, बंद पडलेला नंबर कंपनी पुढे दुसऱ्याला देते. पासवर्ड लिहून बंद पाकीट दोन ठिकाणी, एक बँकेच्या लॉकरमध्ये आणि एक विश्वासाच्या नातेवाइकाकडे. डोमेन कुणाच्या नावावर आहे ते आजच बघा, वेबसाइट करणाऱ्याने स्वतःच्या नावावर घेतलेलं असतं.

१६. डिस्क चांगली आहे पण उघडत नाही, कुठलीतरी की मागतेय.

नवीन विंडोज बऱ्याच लॅपटॉपवर न सांगता बिटलॉकर, म्हणजे डिस्कचं कुलूप, चालू करतं, मदरबोर्ड बदलला की ४८ आकडी की मागतं. ज्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॅपटॉप पहिल्यांदा चालू केला त्यात ती सापडते, आणि ते अकाउंट दुकानदाराने केलेलं असेल तर अवघड. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सिक्युरिटी कंपनीच्या चुकीच्या अपडेटने जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज मशीन पडली तेव्हा मोठमोठ्या कंपन्याही याच की शोधत बसल्या होत्या. टॅलीचा डेटा कुलूपबंद करणाऱ्या टॅलीव्हॉल्टचा पासवर्ड तर हरवला की कुणीच काढून देऊ शकत नाही, टॅलीवालेही नाहीत. दोन्ही प्रश्न १५ मधल्या पाकिटात.

१७. आमचं सगळं नीट आहे पण बँक किंवा क्लाउडवालाच बंद पडला तर?

होतं असं. जुलै २०२४ च्या शेवटी एका तंत्रज्ञान पुरवठादारावर रॅन्समवेअर आला आणि सुमारे ३०० छोट्या सहकारी आणि ग्रामीण बँकांचे ऑनलाइन व्यवहार थांबवावे लागले. ज्यांचं एकच खातं होतं आणि महिनाअखेरचे पगार होते त्यांची पंचाईत झाली, म्हणून दुसऱ्या प्रकारच्या बँकेत एक चालू खातं ठेवा. १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गला ओव्हीएच कंपनीचं डेटा सेंटर जळालं, त्यात काही गिऱ्हाइकांचा बॅकअपही त्याच आवारात होता. क्लाउडवाल्याला विचारा, कॉपी दुसऱ्या शहरात आहे का, आणि उत्तर मेलवर लेखी घ्या.

१८. विमा आहे, त्यात डेटा धरतात का?

साध्या पॉलिसीत मशीनची किंमत मिळते, त्यातल्या हिशेबाची नाही. सायबरचा विमा वेगळा घ्यावा लागतो आणि त्यात बॅकअप ठेवण्याची अट असू शकते, ती वाचा. सर्व्हेअर येईपर्यंत बुडालेली मशीन भंगारात देऊ नका, सीरियल नंबरसकट फोटो काढून ठेवा.

१९. आमच्या सीएनसीला, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनला, जुना विंडोज एक्सपीचा पीसी जोडलेला आहे, त्याचं काय?

शिरोली, गोकुळ शिरगावच्या वर्कशॉपमध्ये हे घरोघरी आहे. तो पीसी इंटरनेटला जोडू नका, त्याच्या पूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब कॉपी, काढा आणि तसाच एक जुना पीसी भंगारातून घेऊन चालवून बघून बाजूला ठेवा, कारण त्यातलं कार्ड नवीन मदरबोर्डला बसत नाही.

पण मशीनच्या स्वतःच्या कंट्रोलरच्या आतलं लोक विसरतात. फॅनकसारख्या कंट्रोलरमध्ये पॅरामीटर आणि प्रोग्रॅम बॅटरीवर टिकतात, पुरात कारखाना महिनाभर बंद राहिला आणि बॅटरी जुनी असली की मशीन कोरडं असूनही आतून कोरं होतं. ही बॅटरी मशीन चालू ठेवूनच बदलायची असते, बंद करून काढली की सगळं जातं. पॅरामीटर मेमरी कार्डवर काढून घ्या, कार्डावर मशीनचा नंबर लिहा, आणि पावसाळ्याच्या आधी मे महिन्यात बॅटरी बदलून तारीख पॅनेलच्या आत चिकटवा.